दोघींचं जन्मसाल

दुर्गाबाई आणि सुंदराबाई तीस वर्षं मंडईत शेजारी शेजारी बसल्या. एकीची पालेभाजी, दुसरीची लिंबं-मिरच्या. आता दोघी धायरीत, एकाच इमारतीत. फोनवरून डॉक्टरांना दाखवायची सोय झाली तेव्हा कॅमेऱ्याचा फोन दुर्गाबाईंकडेच होता. त्यामुळे सुंदराबाईंची तपासणी दर महिन्याला दुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरात व्हायची, आणि निम्मी उत्तरंही दुर्गाबाईच द्यायच्या.

या वेळी पडद्यावर नवी डॉक्टर होती, तेजस्विनी.

"खोलीत आणखी कोण आहे?"

"मी आहे ना. हिचं सगळं मलाच विचारा."

"आजी, पेशंटची हरकत नसेल तरच तुम्हाला थांबता येईल. तसा नियम आहे. सुंदराबाई, यांनी थांबावं का?"

दुर्गाबाई हसल्या. हा काय प्रश्न झाला!

सुंदराबाईंनी पदर सारखा केला. "जा गं जरा."

घर दुर्गाबाईंचं, फोन दुर्गाबाईंचा, आणि गॅलरीत उभ्या दुर्गाबाईच. आतून सुंदराबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तीस वर्षांत आपल्याला सांगितलं नाही असं काय, जे त्या कालच्या पोरीला दहा मिनिटांत सांगावं?

सुंदराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"काय म्हणाली?"

"काही नाही गं," म्हणत त्या खाली आपल्या घरी गेल्या.

मग फोन वाजला. औषधांची चिठ्ठी आली होती, पण तिला कुलूप होतं: रुग्णाचं जन्मसाल टाका.

दुर्गाबाईंना हसू आलं. आधार कार्ड काढताना सुंदराबाईंना आपलं साल ठाऊक नव्हतं. "माझंच लिहा," असं दुर्गाबाईंनीच सांगितलं होतं. त्यांनी एक, नऊ, पाच दाबलं. चौथ्या आकड्यावर बोट थांबलं. चिठ्ठी उघडली तर कळेल सगळं. पण ते सुंदरानं आपणहून सांगितलेलं नसेल.

त्या खाली गेल्या. सुंदराबाईंच्या दारात चौथा आकडा दाबला आणि मान वळवून फोन पुढे केला.

"घे. तुझी चिठ्ठी."

सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी फोन मैत्री नावाच्या आपल्या नातीच्या हातात दिला.

"मग मी बाहेरच थांबते," दुर्गाबाईंनी टोमणा मारला.

"थांब. चहाला हाक मारते."

टोमणा वाया गेला. मैत्री हलक्या आवाजात वाचू लागली. दुर्गाबाई जिन्याच्या आणखी दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथून मोठ्यानं खाकरल्या. आपण किती लांब उभ्या आहोत, ते आत कळावं म्हणून.