कुणाचंच खोडलं नाही

इंदापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे आबा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बायबल मोठ्यानं वाचतात. ओळ संपली की स्वतःलाच विचारतात, "व्हय का न्हाय?"

नोहाच्या तारवाची गोष्ट आली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. आधी प्रत्येक प्राण्याची एकच जोडी, लगेच पुढं काहींच्या सात. माझा हिशेब जुळेना.

"लिहिनारा येक न्हाय, दोघं-तिघं व्हते म्हंत्यात," आबा म्हणाले. "जुळवनाऱ्यानं कुनाचंच खोडलं न्हाय."

"मग खरं कुठलं?"

"तुमी तारवावर कारकून आसता, तर पानी गळ्याशी आलं तरी मोजतच बसला आसता!"

पुढं आबांच्या आईच्या आठवणीची प्रार्थना झाली. कित्येक वर्षांचा अबोला मोडून थोरले बंधू कळस गावाहून आले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आईनं शेवटचं पानी माझ्या हातनं घेतलं."

ते पाणी आपण पाजलं, असं आबांनी मला अनेकदा सांगितलं होतं. आता आबा खोडणार आणि बंधू उठून जाणार, अशी मला धास्ती वाटली.

"व्हय दादा," आबा म्हणाले. "आन माझ्याबी हातनं."

त्या दिवशी दादा जेवून गेले.