तळपायातल्या रिकाम्या सुया

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. लिहायचं धाडस करतोय, क्षमा असावी.

नेपियर टाउनच्या क्लिनिकात मी फिजिओथेरपी शिकतो. तिथे एक निवृत्त काका तोल सुधारावा म्हणून आमच्या सरांकडून तळपायात सुया टोचून घ्यायला येत. एका पायावर वीस सेकंद उभं राहिल्याशिवाय मुलगा त्यांना स्कूटरची किल्ली देणार नव्हता.

"सुईत औषधच नाही, मग काहून टोचून राहिले, डॉक्टरसाहेब?" ते सरांना छेडायचे.

एकदा वीस सेकंद झाले. मी आनंदाने वहीत सारं श्रेय सुयांना देऊन टाकलं. तेव्हा ते कानात पुटपुटले, "सरांना सांगू नको बेटा, दात घासताना मी रोज एका पायावरच उभा असतो."

मी वहीतलं खोडलं नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

काल कळलं, किल्ली मिळाली. मुलगा मात्र मागे बसायला अजून तयार नाही.