चाक टेकेपर्यंत अरे-तुरे

मुलीच्या सासऱ्यांना 'अरे' म्हणता येते का, आणि म्हटल्यास पुढे नाते कसे राहते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न विचित्र आहे हे मला मान्य आहे, परंतु तो मी हौसेने काढलेला नाही. तो आमच्या व्याह्यांमुळे उभा राहिला. माणसांचे जमिनीवरची आणि हवेतली असे दोन वर्ग केले, तर आमचे व्याही निःसंशय दुसऱ्या वर्गात पडतील, आणि तेही आजवर एकदाही विमानात न बसता. रिमोटवर उडणारी छोटी विमाने आणि हेलिकॉप्टरे हा त्यांचा छंद आहे, असे लोक म्हणतात. माझ्या मते तो त्यांचा स्वभाव आहे. छंद म्हणून ते फक्त जेवतात, झोपतात आणि नातेवाइकांकडे जातात.

आमची पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी झाली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि करमाडला राहत होते. 'जयभीम' झाला, सगळे बसले, माझ्या पत्नीने पोह्यांचा ट्रे पुढे केला. वराच्या पित्याने बशी उचलावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. यांनी ट्रेखाली दोन्ही बाजूंनी एकेक बोट लावले आणि पत्नीला म्हणाले, "सोडा जरा, ताई." ती बिचारी इतकी गोंधळली की तिने खरोखरच सोडला. चार बशा आणि पाण्याचे पेले असलेला तो ट्रे क्षणभर दोन बोटांवर तरंगला, मग किंचित मागे कलू लागला. "शेपटाकडं जड हाय," व्याही म्हणाले. त्यांनी मुलाला एक पेला पुढे सरकवायला लावला, ट्रे सरळ झाला, आणि मगच ते समाधानाने पोहे खाऊ लागले. रात्रीच्या जेवणाला पत्नी एवढेच म्हणाली, "माणूस सज्जन आहे. पण पोह्यांबद्दल एक शब्द बोलला नाही."

या कृतीमागचे शास्त्र मला पुढे कळले. उडवण्यापूर्वी विमान पंखांखाली दोन बोटे लावून तोलून पाहावे लागते. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर ते समतोल राहिले तर ठीक, शेपटीकडे झुकले तर हवेत ऐकत नाही. हा नियम विमानापुरता आहे. व्याह्यांनी तो सृष्टीला लावला. ते बाजारात दुधी भोपळा दोन बोटांवर तोलतात. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, भोपळा घ्यायचाय का निजवायचाय?" त्यावर व्याही शांतपणे म्हणाले, "घेतो की. पण ह्याचं नाक लई हलकं हाय."

वाऱ्याचेही तसेच. विहारात वंदनेच्या वेळी सर्वांचे डोळे मिटलेले असतात, तेव्हा यांचा एक डोळा अगरबत्तीच्या धुरावर असतो. वंदना संपली की ते शेजारच्याच्या कानात सांगतात, "उगवतीकडून हाय. धा वाजेपर्यंत टिकंल." शेजारच्याला त्यातले काही कळत नाही, पण करमाडात आता कोणी आश्चर्य करीत नाही. बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी त्यांना मातीचा माठ लागतो, कारण विमानाच्या लिथियम बॅटरीने चुकून पेट घेतला तर आग माठातच राहावी. ही दक्षता अत्यंत योग्य आहे. फक्त तो माठ उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी आणलेला असतो, एवढाच विहीणबाईंचा मुद्दा आहे. "लोकांच्या घरी माठात पाणी गार होतं," त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरी करंट गार होतो."

आणखी एक नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. व्याह्यांच्या घरात 'विमान पडले' असे म्हणत नाहीत. बाभळीत अडकलेले, पंख मोडलेले, नाक जमिनीत रुतलेले, कोणतेही विमान 'उतरलेले' असते. मी एकदा अनवधानाने 'पडले' म्हणालो, तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितले, "विमान पडत नसतंय, सर. कधी कधी जमीन लवकर येते."

करमाडच्या पलीकडे त्यांच्या चुलतभावाचे पडीक रान आहे. एका बाजूला तुरीचे शेत, दुसऱ्या बाजूला दगडी बांध, मध्ये मोकळा माळ. दर रविवारी सकाळी ते तेथे जात आणि मुलांच्या लग्नानंतर मीही जाऊ लागलो. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढे चांगले प्रात्यक्षिक फुकट पाहायला मिळत नाही. चुकून लांबवर खरे विमान दिसले, की हे आपले विमान उतरवून ठेवत आणि ते दिसेनासे होईपर्यंत स्वस्थ उभे राहत. "मोठ्याला आधी जाऊ द्यावं," ते म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट सांगितली. "जाताना सोपं असतंय, सर. डावं ते डावं. पण माघारी येताना त्याचं तोंड आपल्याकडं असतंय. मग त्याचं डावं ते आपलं उजवं. तिथंच गडी फसतो." आरशातील प्रतिमेचा धडा मी कितीतरी वर्गांना शिकवला होता, पण तो इतक्या घाईने अमलात आणावा लागतो हे मला तेव्हा प्रथम कळले.

या सर्व काळात आमच्या संबोधनात तसूभरही फरक पडला नाही. ते मुलाचे वडील, मी मुलीचा. मी 'व्याहीसाहेब, आपण' म्हणत असे आणि ते 'सर, तुम्ही'. आमच्यात देण्याघेण्याचा प्रश्न कधी आला नाही, हुंडा दोन्ही घरांना वर्ज्य. त्यामुळे मान हीच एक वस्तू द्यायची उरली होती, आणि ती आम्ही दोघेही भरपूर देत होतो.

मग एका रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाही. विहीणबाईंचा फोन आला. व्याह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. हा आजार कडेची नजर आधी खातो; समोरचे दिसत राहते, त्यामुळे बराच काळ माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून राखायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "मोटारसायकल बंद केली, तर काय बोलले नायत," विहीणबाई म्हणाल्या. "पण विमानं कपाटावर ठेवली अन् तवापासून ताटावर बसतात, भाकरी मोडतात, अन् तशीच ठेवतात. सर, तुम्ही तेवढं रानात न्या त्यांना."

मी गेलो. व्याही अंगणात बसले होते. त्यांनी अडचण नेमक्या शब्दांत मांडली. "समोर दिसतंय, सर. नळीतून बघितल्यावानी. विमान नळीत हाय तवर मी राजा. नळीबाहेर गेलं का गेलंच. शोधूस्तोवर जमीन येती." मी म्हणालो, "मग नळीबाहेरचे मी पाहतो. मी सांगेन, आपण वळवा." मग आत जाऊन त्यांनी पिवळे विमान खाली काढले, त्यावरची धूळ पुसली आणि दोन बोटांवर तोलून पाहिले. हेलिकॉप्टर तेवढे तेथेच राहिले. ते क्षणाचीही सवड देत नाही.

त्या रविवारी विमान छान चढले, तुरीच्या दिशेने गेले, वळले आणि व्याह्यांच्या नळीतून निसटले. "सर?" ते म्हणाले. आता येथे घडले ते जसेच्या तसे देतो. मी म्हणालो, "व्याहीसाहेब, आपली हरकत नसेल, तर आपण विमान किंचित डावीकडे, म्हणजे त्याच्या डावीकडे, आपल्या बाजूने पाहता ते उजवीकडे..." या वाक्याला क्रियापद मिळण्यापूर्वीच तुरीत 'खस्स' असा आवाज झाला. व्याह्यांनी रिमोट खाली केला. "सर," ते म्हणाले, "तुमचं वाक्य उतरायच्या आधी विमान उतरलं."

ते हसत म्हणाले, पण तुरीतून विमान आणायला गेले नाहीत. मीच गेलो. परत आलो तेव्हा ते रिमोट पिशवीत ठेवून पिशवीची दोरी बांधत होते, आणि ती दोरी आवळून गाठ मारण्याची पद्धत मला आवडली नाही.

दोष शोधला. माझी दृष्टी चांगली होती, दिशाही बरोबर होती. चुकला होता तो मान. आदरार्थी बहुवचनाला वेळ लागतो. हे निदान मी त्यांच्या घरी मांडले तेव्हा विहीणबाईंनी लगेच निकाल दिला, "मग अरे म्हणा."

व्याही दचकले. "अगं, इवाई हायेत ते!"

"इवाई जमिनीवर. वर विमान असंल तवर कसले इवाई?"

"अन् सुनंच्या कानावर गेलं तर? तिच्या बापानं तिच्या सासऱ्याला अरे म्हणलं म्हणून?"

सून, म्हणजे माझी मुलगी, चहा घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, "आलंय कानावर. बाबा, आधी म्हणून तर दाखवा."

मी प्रयत्न केला. "अरे..." म्हणालो आणि पुढे, सवयीने, "...आपण" म्हणालो. विहीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. लग्नाच्या बैठकीत झाली नव्हती एवढी बोलणी मग त्या दुपारी झाली. शेवटी असे ठरले: चाक जमिनीवरून सुटले की अरे-तुरे, चाक टेकले की पुन्हा 'आपण'. व्याह्यांनी एक पोटकलम घातले, "माळावर तिसरं माणूस असलं, तर विमान उडवायचंच नाय."

तुरीत मोडलेला पंख चिकटून वाळेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात मी गच्चीवर सराव केला. 'डावं रे', 'उजवं रे', 'वर घे', 'सोड'. डावे-उजवे नेहमी विमानाचे, वैमानिक आत बसला आहे असे समजून. आपल्या बाजूचे भाषांतर करायचे नाही. शेजाऱ्यांनी पत्नीला विचारले, सर कोणावर ओरडतात? ती म्हणाली, "व्याह्यांवर."

रविवारी वारा पडलेला होता. चाक सुटले. पहिली फेरी व्याह्यांनी स्वतःच केली, मी गप्प. दुसऱ्या फेरीला विमान बांधाकडे जाऊन वळले आणि त्यांची मान भिरभिरू लागली. "डावं," मी म्हणालो.

"आं?"

"डावं! डावं घे रे! अजून! बास!"

विमान वळले. "घावलं!" ते ओरडले. पुढच्या फेरीला ते पुन्हा निसटले, मी पुन्हा ओरडलो, आणि एका क्षणी मी त्यांना "अरे बघतोस काय, वर घे!" असेही म्हणालो, जे ठरलेल्या कलमांत कोठेही बसत नव्हते. "घेतो, घेतो, वरडू नको!" त्यांनी उत्तर दिले. विमान हवेत होते तोवर आम्ही दोन निवृत्त गृहस्थ एकमेकांशी असे बोलत होतो, की ऐकणाऱ्याला आमचे हाडवैर असावे किंवा आम्ही एका बाकावर शिकलेले असावे, असे वाटले असते.

उतरवणे बाकी होते. जमिनीजवळ गवताचा आणि पिवळ्या पंखांचा रंग एक होतो, आणि तेथे त्यांची नळी काही कामाची नव्हती. ते समोर पाहत राहिले, अंगठे माझ्या शब्दांवर. "सरळ ठेव. थोडं सोड. उजवं, थोडंच. सोड. सोड. बंद कर." मोटार थांबली. चाकांनी दोनदा माती खरवडली आणि विमान उभे राहिले.

व्याही हलले नाहीत. रिमोट छातीशी धरून ते अजूनही जिथे विमान नव्हते तिकडे पाहत होते.

"उतरलं का?" त्यांनी हळूच विचारले.

"उतरलं रे," मी म्हणालो.

"लांब हाय का?"

"नाही. तुझ्या पायापाशी आहे."

चाक टेकून बराच वेळ झाला होता. कलम मोडले होते, आणि ते मी मोडले होते. ते चुकून मोडले असे मी म्हणू शकलो असतो. व्याह्यांनी खाली वाकून हाताने चाचपले, त्यांना पंखाची कड लागली, आणि ते म्हणाले, "व्हय की." घरी गेल्यावर त्यांनी भाकरी दोनदा मागून घेतली.

अजूनही आम्ही रविवारी जातो. नळी थोडी अरुंद झाली आहे. ते सांगत नाहीत, पण फेऱ्यांत माझे शब्द वाढत चालले आहेत, ते मला मोजता येतात. घरात, चारचौघांत, ते 'व्याहीसाहेब' आहेत आणि मी 'सर' आहे. माळावर चाक टेकल्यानंतर कोणत्या क्षणी 'आपण' पुन्हा सुरू करायचे, हे आम्ही अद्याप ठरवलेले नाही. पिशवी बांधून होते, वाट संपते, सडक येते, तरी ते सुरू होत नाही.

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी मुलांना नेहमी सांगत आलो. म्हणून वाचकांना एक साधी विनंती आहे. आपल्या व्याह्यांना एखाद्या सकाळी अंगणात डोळे मिटून चालायला सांगावे. प्रथम त्यांना आदरार्थी बहुवचनात वाट सांगावी, मग एकेरीत. आणि कोणत्या वेळी त्यांनी पाऊल न चाचपता टाकले, ते स्वतः पाहावे.