पंचेचाळीस अंशांवरची सही

माझं पोट मोजमापावर चालतं. चंदीगडला सेक्टर ३० मधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लोक आपली मापनाची साधनं तपासायला आणतात. ती किती चुकतात ते मी लिहितो आणि खाली सही करतो. 'किती चूक संभवते' हा रकाना रिकामा ठेवला म्हणून मी आजवर किती जणांचा पाणउतारा केलाय, देव जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दोन वर्षांपूर्वी मला बिटकॉइनच्या आलेखांचा नाद लागला. पैसे लावायची छाती नव्हती, मला त्यातली भूमिती आवडली. भाव जिथे सर्वांत खाली गेला त्या बिंदूपासून पंचेचाळीस अंशांची तिरपी रेघ ओढायची आणि नव्वदाव्या दिवशी एक उभी रेघ मारायची. भाव खाली येऊन तिरप्या रेघेला टेकला की घ्यायचं, कारण आता तो नव्वदाव्या दिवसापर्यंत चढणार, असं ते शास्त्र. जुन्या आलेखांवर ते इतकं चपखल बसायचं की मी जेवायचं विसरायचो. बसणारच, कुठला बिंदू धरायचा ते मी निकाल पाहून ठरवत होतो.

इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप असलेले साठीचे एक सरदारजी वर्षानुवर्षं आपले गेज माझ्याकडे तपासायला आणतात. त्यांनी टेबलावर मी रेघा मारलेला चालू भावाचा आलेख पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी अर्धा तास फुशारक्या मारल्या. त्यांनी एक प्रत मागितली आणि म्हणाले, "सर जी, इस पे भी साइन कर दो." थट्टेत म्हणाले की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. मी सही केली. खाली तारीखही घातली, हौसेनं.

तिसऱ्या दिवशी घरी लॅपटॉपवर तोच आलेख उघडला आणि नीट दिसावा म्हणून कोपरा धरून रुंद केला. रेघ आडवी पडली, पंचेचाळीसचे तीस अंश झाले. उभ्या अक्षावर रुपये, आडव्यावर दिवस, त्यांच्यात कोन कसला? कागद ताणाल तसा कोन. हे दहावीतल्या पोरांनाही कळतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्यांना आत्ताच फोन करा. मी म्हटलं, ते कुठे एवढं मनावर घेणार आहेत. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. आठवडा गेला, महिना गेला, फोन राहिला तो राहिलाच.

नव्वदावा दिवस उजाडायच्या बऱ्याच आधी भाव कोसळला.

सरदारजी आले ते नेहमीसारखी गेजची पेटी घेऊन. नव्या लेथ मशीनसाठी साठवलेले पैसे बिटकॉइनमध्ये घातले होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त बुडाले, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. आता शिव्या खायच्या, म्हणून मी अंग चोरून बसलो. खरं तर त्या मला हव्याच होत्या. पण त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला तो कागद काढला आणि तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

"ग़लती मेरी है जी. आपने तो नाप के दिया था. मैंने ही चार दिन लेट ख़रीदा."

चार दिवसांनी काडीचाही फरक पडला नसता. सरदारजी, ते माप नव्हतंच, एवढंच सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

मी कागद हातात घेतला, चष्मा लावला, नीट पाहिल्यासारखं केलं.

"हां जी," मी म्हणालो, "चार दिन का फ़र्क़ तो पड़ता है."

त्यांनी मान डोलावली. माझी सगळी मेहनत आपण वाया घालवली, असं म्हणत उठताना त्यांनी माझी माफी मागितली. आणि मी त्यांना माफ केलं.