ताईंनी उचललेली बंदूक

माझ्या मोठ्या जाऊबाई दात करतात. डेंटिस्टनं घेतलेलं माप ज्या लॅबमध्ये जातं, तिथे बसून त्या मेणाचा दात कोरतात आणि त्यावरून पुढे खरा, म्हणजे खोटा, दात तयार होतो. मी त्यांना ताई म्हणते. मी नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा सगळे माझी साडी बघत होते आणि ताई म्हणाल्या, "हिचे सुळे काय सुरेख आहेत!"

गेल्या वर्षी काम करताना कोरणी सटकली आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण अंगठा काही नीट वळेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. ताईंनी तो थोडे दिवस दाबला, मग सोफ्याखाली जाऊ दिला, आणि तो तिथेच राहिला.

भावजी, म्हणजे ताईंचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. बोलतात कमी. एका रविवारी दुपारी त्यांनी टीव्हीला गेम जोडला आणि ताईंच्या हातात रिमोट दिला. लेक शाळेत होती तेव्हा हे दोघं नवराबायको हाच गेम खेळायचे. पडदा दुभागलेला, वरच्या अर्ध्यात ताई, खालच्या अर्ध्यात भावजी. एका उजाड ग्रहावर जोडीनं हिंडायचं, डाकू मारायचे आणि ते मेले की खाली पडणाऱ्या बंदुका लुटायच्या. तोच गेम घासूनपुसून, नव्या चित्रांनिशी पुन्हा विकायला आला होता.

"अंगठा चालेल," भावजी एवढंच म्हणाले.

लेक सुट्टीला आली होती. तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, एवढे नवे गेम आहेत. हा आता कोण खेळतं?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. मीही मागे बसून पाहिलं आहे. चेहरे स्वच्छ झाले होते, ऊन छान पडत होतं. कोपऱ्यात नकाशा आला होता, त्यामुळे रस्ता चुकल्यावरून होणारी भांडणं वाचली. पण गाडी अजूनही कपाट ढकलल्यासारखी वळत होती, डाकू आपणहून गोळीसमोर येत होते, आणि कामं तीच, इथलं उचला, तिथे पोचवा.

"हे तर मी घरात रोज करते," मी म्हटलं.

"घरात बंदूक मिळत नाही," ताई म्हणाल्या.

ताईंचं काम लांबून नेम धरायचं. पूर्वी त्यांचा नेम चुकत नसे. आता अंगठा अडायचा आणि दुर्बिणीतला डाकू पडद्याबाहेर निघून जायचा. मग भावजीच पुढे होऊन सगळ्यांना लोळवायचे. त्यानंतर जे व्हायचं ते मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. एखादी झकास बंदूक जमिनीवर चमकायची. जो आधी उचलेल त्याची, असा नियम. आणि हे दोघं तिच्या दोन बाजूंना उभे.

"तू घे."

"मला काय करायचीय? तुम्ही घ्या."

"तुझ्यासाठी ठेवलीय."

"राहू द्या, माझी आहे ती बरी आहे."

शेवटी ती बंदूक तिथेच राहायची आणि टीव्ही बंद केला की नाहीशी व्हायची. दोघं भंगार घेऊन लढायचे आणि मोठा राक्षस आला की मार खाऊन परत यायचे.

"अहो, लुटायचा गेम आहे हा!" लेक ओरडायची. "तुम्ही दोघं दानधर्म काय करत सुटलाय?"

अशाच एका दुपारी लॅबच्या मालकीणबाईंचा फोन आला. काम तुंबलं होतं. ताई येणार आहेत की त्यांच्या जागी कुणाला बसवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ताई अगदी हसून म्हणाल्या, "बसवा ना. ती नवीन मुलगी आहे, तिचा हात चांगला आहे. माझ्यासाठी नका अडून राहू." फोन ठेवला आणि रिमोट उचलला. मी ताईंना इतकी वर्षं ओळखते. ते हसू ओठांच्या वर गेलं नव्हतं.

थोड्या वेळानं एक लांब नळीची, दुर्बीण लावलेली बंदूक पडली. भावजी तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"उचल," ते म्हणाले.

"तुम्ही—"

"मी नाही घेणार. उचल."

चहूकडून डाकू येत होते. भावजींना गोळ्या लागत होत्या, पडदा लाल होत होता.

"अहो, हला! मराल!"

"मरू दे. तू उचल आधी."

"काय हट्ट हा! वय काय तुमचं?"

लेक म्हणाली, "आई, उचल गं, बाबा गेले!" आणि भावजी खरंच आडवे झाले. तेव्हा ताईंनी ती बंदूक घेतली. पहिल्या गोळ्या कुठे गेल्या देवाला ठाऊक. मग ताईंनी जीभ दातांत धरली, कोरताना धरतात तशी, अंगठा जबरदस्तीनं वळवला आणि एकेक डाकू टिपायला लागल्या. डोळ्यांत दुखण्यानं पाणी आलं होतं. आडवा पडलेला जोडीदार वेळेत उठवला तर वाचतो, पण भावजींना वाचवायला उशीर झाला.

नंतर चहा गाळताना ताई मला म्हणाल्या, "फोन लाव गं मालकीणबाईंना. माझा अंगठा ठणकतोय."

मी लावला. ताईंनी तो माझ्या हातातून घेतला. "मगाशी बोलले ते राहू द्या. ती जागा माझी आहे. मला थोडे दिवस द्या, पण तिथे कुणाला बसवू नका."

त्यानंतर गेम रोज चालू झाला, आणि चांगलं दिसलं की ताई आधी हात मारायला लागल्या. आता कुणी मला विचारलं, की तो जुना गेम अजून खेळण्यासारखा आहे का, तर मी सांगते, गाडीकडे दुर्लक्ष करा, एकट्यानं खेळू नका, आणि जोडीदार नीट बघून घ्या.

ताई कामावर गेल्या त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. पहिली दाढ बिघडली होती, दुसरी मालकीणबाईंनी पास केली होती. आमच्या घरात नवराबायको एकमेकांचे आभार मानत नाहीत, कुणाला सुचतही नाही. ताईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि भावजींसमोर जाऊन म्हणाल्या, "थँक्यू हं."

भावजी दचकले. "कशाबद्दल?"

"त्या दिवशी मेलात, त्याबद्दल."