बाकावर बसवलेला पोस्टमन

त्या प्रकरणाची नोंद कुठल्याही ठाण्यात सापडणार नाही. तरी माझ्या नोकरीतले तेच प्रकरण मला सर्वात स्पष्ट आठवते.

नव्वदच्या दशकात मी सुरतला पांडेसरा भागात फौजदार होतो. एके सकाळी डाइंग मिलमध्ये काम करणारी एक खानदेशी बाई ठाण्यात आली. "साहेब, मना नवरा फौजमा शे. कितला महिना व्हयनात, मनीऑर्डर उनी नही." नवऱ्याचे पत्र तिने सोबत आणले होते. पगारातला घरचा हिस्सा नेहमीप्रमाणे निघतो आहे, असे त्याने लिहिले होते. पैसे तिकडून निघतात आणि इकडे पोहोचत नाहीत, म्हणजे मधला माणूस एकच उरतो. पोस्टमन.

त्याच संध्याकाळी आमचा खबऱ्या, कोपऱ्यावर पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, चालवणारा पानगल्लेवाला, म्हणाला, "साहेब, पोस्टमनभाऊची नवी लुना पाहिली का? चिठ्ठ्या वाटून लुना येत असेल, तर मी पण गल्ला बंद करतो." मी हसलो, आणि मनात निकाल देऊन टाकला.

हा पोस्टमन नुसता टपाल टाकून जाणारा नव्हता. चाळीतल्या बायकांना तो पत्रे वाचून दाखवी, उत्तरेही लिहून देई. कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची सासू आजारी आहे, हे त्याला आधी कळे आणि त्याच्याकडून बाहेर जात नसे.

मी त्याला बोलावले. हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त ठाण्याबाहेरच्या बाकावर बसवले, मिलची पाळी सुटायच्या वेळी. ही आमची जुनी पद्धत होती. अट्टल गुन्हेगाराला त्या बाकाचे काही वाटत नाही, अब्रूदार माणूस मात्र तिथे फार वेळ टिकत नाही. जाणारा प्रत्येक जण त्याला ओळखत होता. काहींनी विचारले, "काय भाऊ, इथे कसे?" नंतरच्यांनी विचारलेही नाही.

आत आणल्यावर तो म्हणाला, "साहेब, लुना पतपेढीच्या कर्जाची आहे. त्या बाईच्या नावाची मनीऑर्डर आलीच नाही. पोस्टात विचारा."

"पोस्टात विचारले तर तू आजच सस्पेंड होशील. पैसे भरून टाक. मी कागद करत नाही."

"घेतलेच नाहीत तर भरू कशाचे?"

"मग उद्या परत बाकावर बस."

दुसऱ्या दिवशी त्याने पैसे आणून दिले, आणि मी ते त्या बाईच्या हाती सोपवले. बायकोचे दागिने मोडल्याचे मला नंतर कळले. मी तो कबुलीजबाब समजलो. गुन्हा न नोंदवता प्रकरण मिटवले म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्याची नोकरी वाचवली, असे मलाही खरेच वाटत होते.

काही महिन्यांनी तो जवान सुट्टीवर आला आणि बायकोला घेऊन ठाण्यात आला. राहिलेली सगळी रक्कम एकाच मनीऑर्डरने आली होती, आणि ती घरी देणारा तोच पोस्टमन होता.

"साहेब, आमचा पगार हाताने लिहायच्या कार्डावरून काँप्युटरवर नेला," जवान म्हणाला. "माझे खाते गेले, पण घरी पैसे पाठवायची सूचना जुन्या कार्डावरच राहिली. पैसे तिकडेच साठत होते. पहिले बाबूला शिव्या देता यायच्या, आता डब्याला काय देणार?"

पुढे पगार आणि घरचा हिस्सा एकाच यंत्रणेत जोडले गेले, असे त्याच्याकडून कळले. त्यांची चूक त्यांनी शोधली आणि दुरुस्तही केली. पोस्टमनचे पैसे त्या नवरा-बायकोने त्याच दिवशी परत केले.

संध्याकाळी पोस्टमन आला. बस म्हटले तरी बसला नाही.

"साहेब, एवढे लिहून द्या की मी चोर नाही. चाळीत वाचून दाखवतो."

मी सुटल्यासारखा म्हणालो, "अरे, तुझ्यावर गुन्हाच नाही. काय लिहून देऊ?"

"बाकावर बसवलं तेव्हाही नव्हता," तो म्हणाला आणि निघून गेला.

चाळीतल्या बायका आता पत्रे पानगल्लेवाल्याकडून वाचून घेत. तो गल्ल्यावर मोठ्याने वाची आणि उभी असलेली माणसे ऐकत. पोस्टमन दारात टपाल टाकून पुढे जाई. कोणी त्याला थांबवत नसे. पुढे त्याने कडोदऱ्याला बदली मागून घेतली.

मी चाळीत जाऊन चार शब्द बोलू शकलो असतो. खात्याची शोभा होईल म्हणून गेलो नाही. खरे तर माझीच होईल म्हणून. कागद न करणे म्हणजे दया, असे मी नोकरीभर मानत आलो. पण ज्या आरोपाचा कागद नसतो, त्यातून माणूस निर्दोष सुटूही शकत नाही, हे त्या प्रकरणाने शिकवले. शिकलो, पण बाक तिथून हलवला नाही.

तो हयात आहे की नाही, मला माहीत नाही. त्याने मागितले होते ते आज लिहून देतो. त्या पोस्टमनने कोणाचा एक पैसाही घेतला नव्हता. चौकशी मी केली होती, आणि पोस्टात विचारले नव्हते.