अँटेना गच्चीवर, मी डोंगरावर

वसंत गेल्याचं मला अंबडच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर कळलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमचे दोस्त गेले." महिना होत आला, पण तो 'दोस्त' अजून घशाखाली उतरत नाही...

आम्ही दोघं बिनतारी संचांचे अँटेना बनवायचो. तो इंजिनियरांच्या घरातला इंजिनियर. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावर. माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी तो बोटं चाटून खायचा आणि वर ऐकवायचा, तुझी आई स्वयंपाक माझ्यासाठी करते, तू नुसता हमाल. मला ते आवडायचं. एकाच दिशेला जोर लावणारा अँटेना नळ्यांचा न करता पाटीएवढ्या बोर्डावर तांब्याच्या पट्ट्यांनी छापायचा, हे वेड माझं. पुस्तकातली मापं उघड्या हवेतल्या नळ्यांची. बोर्डावर पट्टी आखूड करावी लागते. किती आखूड, ते कापून, तपासून, पुन्हा कापून मी बसवलं.

तपासायची रीत अशी, की एकानं अँटेना गच्चीवर फिरवायचा आणि दुसऱ्यानं लांब जाऊन ट्रान्समीटर धरून उभं राहायचं. किती जोर पकडला ते दाखवणारा मीटर गच्चीवरच्यालाच दिसतो. मोठं गिऱ्हाईक बघायला आलं त्या दिवशी वसंतानं मला पांडवलेण्याच्या डोंगरावर धाडलं. म्हणाला, तुझ्याइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नाही. मी फुगलो. भर उन्हात हात हलू दिला नाही... खाली आलो तेव्हा पाहुणे चहा घेऊन गेले होते आणि अँटेना वसंताचा झाला होता.

जाब विचारला. मान वर न करता तो बोलला, "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी आडनाव विचारलं असतं. ऑर्डर गेली असती, लेका."

त्यानंतर डबा मी एकट्यानं खाल्ला.

परवा नाशिक रोडला वसंताच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. बैठकीत तोच बोर्ड, चौकटीत बसवलेला. भेटायला आलेले एक गृहस्थ त्याच्याकडे बघत वसंताच्या बुद्धीचं कौतुक करत होते. ते गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, ते डिझाइन माझं आहे."

"माहितीये, भाऊजी. घरात ते तुमचंच नाव घ्यायचे."

म्हणजे खरं बोलता येत होतं त्याला. उंबऱ्याच्या आत. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की अँटेना आपलाच, अशी बिचाऱ्यानं स्वतःचीही समजूत घातली असेल... तेवढाही आधार गेला.

वहिनी चौकट उतरवून माझ्या हातात द्यायला लागल्या. मी ती परत खिळ्याला अडकवली. म्हटलं, "राहू द्या इथंच. फक्त आल्यागेल्याला सांगत जा, कोणाचं ते. आडनावासकट."